निळ्या पाकिटात गेलेला धवला

धोंडूबाईला पिक्चरचा नाद लागलाय, असं कोन गावात जो तो म्हणायचा, आणि म्हणताना त्याला हसू आवरायचं नाही. अडुसष्ट वर्षांची बाई. काष्ट्याचं लुगडं, हनुवटीवर गोंदण. उभ्या जन्मात थेटरात गेली असेल ती चार वेळा, त्यातल्या दोन वेळा तिथे झोपली. आणि आता ही बाई रोज दुपारी बारा वाजले की बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे मांडी घालून बसते, दार लोटून घेते, आत कोणी डोकावलं तर खेकसते. तिचा नातू भाविक तर मित्रांना सांगायचा की हिरो-हिरोइनीची खबर पाहिजे असेल तर आमच्या आजीला विचारा.

लोकांना काय, हसायला निमित्त लागतं. खरं सांगायचं तर त्या अख्ख्या महिन्यात धोंडूबाईने एकही पिक्चर बघितला नव्हता. ती आत बसायची ती घाबरून.

गोष्ट दोन हजार दहा सालची. त्या दिवसांत पिक्चर पाकिटातून घरी भाड्याने यायचे. कंप्युटरवर यादी लावून ठेवायची, कंपनी डीव्हीडी पाठवायची, बघून झाली की त्याच पाकिटात घालून परत करायची आणि मग पुढची यायची. भाविक वळ गावातल्या एका गोडाऊनमध्ये कंप्युटरवर कामाला होता, त्याला या गोष्टी लवकर कळायच्या. त्याने एकाच वेळी दोन कंपन्यांचा पहिला महिना चाखायला घेतला. महिना संपला की बरी असेल ती ठेवायची, दुसरी सोडायची. दोघींची इंग्रजी नावं धोंडूबाईच्या जिभेवर काही बसली नाहीत. पाकिटाच्या रंगावरून ती एकीला निळी म्हणे, दुसरीला पिवळी, आणि मग सगळं घर तसंच म्हणायला लागलं.

निळीचा माणूस थेट दारात यायचा, जुनी डिस्क घ्यायचा, नवी द्यायचा. पिवळीचं पाकीट साध्या टपालाने यायचं, पोस्टमन ते नाक्यावरच्या किराणा दुकानात टाकून जायचा. निळीची यादी मोठी, पिवळीकडे मराठी जास्त. निळीच्या डिस्का आरशासारख्या स्वच्छ, पिवळीच्या मध्येच अडखळायच्या. भाविकने दोन्हीकडून तोलून बघितलं आणि शेवटी कंटाळून म्हणाला की सगळ्यात जास्त बघते आजी, तर आजी सांगेल ती ठेवू.

आजीचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. पिवळी. का, तर म्हणे बरी वाटते. आता काय बरी वाटते, डोंबल! निळीचा तो माणूस केव्हाही दारात उभा राहायचा, एवढंच कारण होतं. दुपारच्या वेळी घंटी वाजली की धोंडूबाई आधी टीव्ही बंद करायला धावायची.

तिला कसली भीती, ते सांगायचं तर आधी ती कोण ते सांगायला हवं. धोंडूबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतोच, पण धवलारीण पाटावर बसून धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायला लागल्याशिवाय हळद काही लागत नाही. कोनपासून वळपर्यंत दोन पिढ्यांची लग्नं हिच्या गळ्याने लागली. ती एकटी नव्हती हं. बरोबर वळची ठकुबाई असायची. चाळीस वर्षं दोघींची जोडी. एक श्वास घ्यायला थांबली की दुसरीने उचलायचं, असं इतकं अंगात मुरलेलं की कुठला शब्द कोणाचा हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

या धवल्यांत एक असतो बोलावण्याचा. त्यात देवांना मांडवात यायचं आवतन द्यायचं, नावानिशी. आधी गावदेवी, मग वेशीवरचा, मग बांधावरचा, मग खाडीतला, अशी एकवीस नावं, आणि त्यांच्यामागून घरातले गेलेले. क्रम चुकायचा नाही, नाव गाळायचं नाही. ज्याचं नाव सुटलं तो रुसतो आणि मांडवाबाहेर उभा राहतो, असं धोंडूबाईला तिच्या सासूने शिकवलं होतं, आणि सासू काही गंमत करणारी बाई नव्हती.

ठकुबाई गेली दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात. त्यानंतरचं पहिलं लग्न टेमघरला, पूर्वा नावाच्या मुलीचं. धोंडूबाई पहिल्यांदाच पाटावर एकटी बसली. अकरा नावं नीट झाली. बाराव्या नावाला तिने तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. बाजूला बघितलं, तर तिथे ठकुबाई नाही, नुसता पाट. तिने आवाज चढवला, मधली सगळी नावं गाळली आणि थेट शेवटच्या ओळीवर उडी मारली. बाहेर बेंजो सुरू झाला, बायका उठल्या, कोणाच्या लक्षातही आलं नाही. शिमग्याच्या आधी पूर्वाचा नवरा माणकोलीजवळ मोटरसायकलसकट कंटेनरखाली गेला.

टेमघरच्या लोकांनी कंटेनरवाल्याला शिव्या घातल्या, रस्त्याला घातल्या. धोंडूबाईने तोंडातून ब्र काढला नाही. तिला ठाऊक होतं कोणाचं चुकलं ते. त्या दिवसापासून गळा बसलाय सांगून तिने एकामागून एक लग्नं टाळली. वर्ष असं काढलं. आणि आता वैशाखात उन्नतीचं, तिच्या सख्ख्या नातीचं लग्न ठरलं होतं. ते कसं टाळायचं? उन्नती सगळ्यांना सांगत सुटली होती की आजी गाणार म्हणूनच मी मांडवात बसणार. ते ऐकलं की धोंडूबाई काहीतरी काम काढून तिथून उठायची.

तिचा सगळा भरवसा एका डिस्कवर होता. तेवीस वर्षांपूर्वी तिच्या मुलाचं, केसरीनाथचं लग्न झालं, तेव्हा कल्याणहून शूटिंगवाला आणला होता. ती कॅसेट भाविकने डीव्हीडीवर उतरवून घेतली. मूळ कॅसेटला बुरशी लागली होती, ती फेकून दिली. त्या डिस्कवर धोंडूबाई आणि ठकुबाई दोघी शेजारी बसून बोलावण्याचा धवला गात होत्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळी नावं. पाकिटातले पिक्चर बघायला भाविकने घरात मशीन आणलं आणि धोंडूबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुठलं बटण दाबलं की चालू होतं आणि कुठलं दाबलं की कप्पा बाहेर येतो, तेवढं तिने नातवाकडून शिकून घेतलं. पिक्चरचं पाकीट आलं की ते गादीखाली, आणि मशीनमध्ये ही.

पण नशीब कसं असतं बघा. भाविकने ती डिस्क वर्षभर अशीच उघडी टाकलेली, तिच्यावर ओरखडे. नऊ नावं नीट व्हायची, मग चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा, आणि एकदम सगळे पंगतीला बसलेले. पंगतीच्या टोकाला एक पान वाढलेलं आणि त्यावर कोणी नाही. कोनमध्ये प्रत्येक लग्नात तसं एक पान ठेवतात, मागून येणाऱ्यांचं पान म्हणतात त्याला, जुनी रीत आहे. धोंडूबाई रोज ते पान बघायची आणि पुन्हा पहिल्यापासून लावायची. पदराने पुसून, फुंकर मारून, विनवण्या करून तीन आठवड्यांत ती नवावरून अकरावर आली. अकरावं नाव झालं की ठकुबाई मान वर करायची, तोंड उघडायची, आणि चौकोन.

हळदीला नऊ दिवस राहिले होते. दुपारचे साडेबारा. टीव्हीवर ठकुबाईने मान वर केली आणि दारावरची घंटी वाजली.

धोंडूबाई उठायच्या आत मनिषा स्वयंपाकघरातून आली. मनिषा तिची सून, भाविक आणि उन्नतीची आई. हात भाकरीच्या पिठाने भरलेले. कोपराने दार उघडलं तर निळीचा माणूस. तो हिंदीत म्हणाला की रिटर्न द्या, आज शेवटची तारीख आहे. मनिषाने टीव्हीकडे बघितलंसुद्धा नाही.

"आये, दे की ती मशीनमधली. भाविक सकाळी सांगून गेलाय, आज गेलीच पाहिजे म्हणून."

आता काय करील बिचारी? निळीचा पिक्चर तीन दिवस गादीखाली होता, पाकीट फोडलं होतं ते नावाला. ही ती नव्हे, असं म्हणायचं, तर मग ही कोणती? रोज दार लोटून स्वतःच्याच मुलाचं लग्न बघतेस ते कशाला? पाठ करायला? तुला पाठ करायला लागतं? कधीपासून? टेमघरला आलं होतं का? एका प्रश्नामागून दुसरा तिला समोर दिसत गेला, पार टेमघरच्या त्या मांडवापर्यंत. माणूस दारात, सून समोर. तिने बटण दाबलं, कप्पा बाहेर आला, आणि तिने आपल्या हाताने ती डिस्क माणसाने पुढे केलेल्या निळ्या पाकिटात घातली. माणसाने पाकीट चिकटवलं, मनिषाची सही घेतली, नवी डिस्क दिली आणि गेला.

मनिषा पुन्हा भाकऱ्यांना लागली. धोंडूबाई बंद टीव्हीपुढे बसून राहिली. आपण काय केलं हे तिला घालतानाच माहीत होतं, आणि तरी हात थांबला नव्हता. स्वतःचीच इतकी चीड तिला कधी आली नसेल.

दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. उन्नती म्हणाली, आजी, आता गळ्याला जप, थंड पिऊ नको. ती हो म्हणाली. एकांतात ती नावं म्हणून बघायची, तर आता अकराही येईनात. नऊ, कधी आठ. एकदा गावदेवीनंतरच अडकली आणि न्हाणीघरात तोंडात पदर कोंबून रडली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाविक कामावरून आला आणि चहा पिता पिता त्याचा फोन वाजला. निळीच्या ऑफिसातून बाई बोलत होती. तुमच्या पाकिटात आमची डिस्क नाही, भलतीच आलीय, बिनलेबलची, वळच्या गाळ्यात पडलीय. भाविक हसायलाच लागला. त्याला वाटलं आपणच गाण्यांची कॉपी केलेली एखादी गेली असणार. तो म्हणाला, फेकून द्या मॅडम, तुमची सापडली की देतो, आणि तसंही आम्ही तुमची कंपनी बंदच करणार आहोत, आमच्या आजीला पिवळी पसंत आहे. फोन ठेवल्यावर त्याने सगळ्यांना सांगितलं की निळीवाले खातं बंद होईपर्यंत चुकून आलेलं सामान ठेवतात, मग भंगारात. उद्या अर्ज टाकला की कटकट संपली.

धोंडूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे महिनाभर पिवळी पिवळी करून तिने स्वतःच आपल्या डिस्कची वाट लावली होती.

"निळीच ठेव," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. भाविकने विचारलं, अगं आजी, तूच तर म्हणत होतीस. ती म्हणाली, म्हणत होते, आता न्हाय म्हणत. केसरीनाथ पेपरातून डोकं न काढता म्हणाला की म्हातारपणी असंच होतं, सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. तो सहज बोलला होता. धोंडूबाईला मात्र कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. भाविक म्हणाला, उद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत ठरवू, त्याला कंप्युटर तेव्हाच मोकळा मिळायचा. म्हणजे उद्या दुपारपर्यंतचा वेळ होता.

सकाळी तिने मनिषाला सांगितलं की ठकुबाईच्या घरी आवतन द्यायला वळला जाते. त्यात खोटं काही नव्हतं, आवतन द्यायचंच होतं. मनिषा म्हणाली भाविकच्या गाडीवर जा. नको, कंबर दुखते. मग पिशवीत अक्षता, पत्रिका, आणि त्यांच्याखाली गादीखालचा निळीचा पिक्चर त्याच्या पाकिटासकट घेऊन ती निघाली. कोन नाक्यावरून शेअर रिक्षाने रांजनोली, तिथून दुसरी रिक्षा माणकोलीला, मग तिसरी. हायवेवर दोन्ही बाजूंनी कंटेनर अंगावर येत होते. माणकोली आली तसे तिने डोळे मिटले आणि रिक्षाची दांडी घट्ट धरली. पूर्वाचा नवरा इथेच कुठेतरी गेला होता.

वळमध्ये जिकडे बघावं तिकडे गोडाऊन. जिथे ती आणि ठकुबाई भाताची लावणी करायच्या तिथे पत्र्याचे गाळे, एकाला एक लागून, सगळे सारखे. तिला वाचता येत नव्हतं. ती पाकीट हातात धरून एकेका गाळ्यावरचा रंग बघत चालली. चौथ्या गल्लीत तोच निळा रंग दिसला. फाटकावरच्या रखवालदाराने अडवलं, पास विचारला. शेवटी तिने पाकीट पुढे केलं आणि माझी वस्तू चुकून आलीय, एवढंच म्हणाली. त्याने म्हाताऱ्या बाईकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं आणि आतून एका मुलीला बोलावलं.

पंचविशीची मुलगी, निळा कोट, हातात पातळ हातमोजे. परत आलेल्या डिस्का तपासायचं तिचं काम. आपलं नाव रीमा, तिने सांगितलं, आणि धोंडूबाईच्या चेहऱ्याकडे निरखून बघत विचारलं, "आजी, तुम्ही धवलारीण ना? आमच्या टेमघरला पूर्वाच्या लग्नात तुम्हीच होता."

धोंडूबाईला वाटलं आत्ताच्या आत्ता वळून पळावं. झालं, कळलं, हिला सगळं माहीत आहे, आता ही चार माणसांत म्हणणार. ती भिंतीला टेकली. रीमा बोलत होती की पूर्वा तिच्या शेजारचीच, आता माहेरी असते, शिवणाचे क्लास घेते. धोंडूबाईने सगळा धीर गोळा करून विचारलं, ती मला काय म्हनते? रीमाला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, काय म्हणणार, लग्नाची आठवण निघाली की म्हणते धवलारणीचा आवाज काय लागला होता. दुसरं काही नाही? दुसरं काय असणार आजी, ती म्हणाली, आणि तिला आत घेऊन गेली.

आत लांबच लांब टेबलं, पाकिटांचे ढीग, डिस्कांच्या चवडी. रीमाने तिला आपल्या टेबलाशी स्टुलावर बसवलं आणि नियम सांगितला. डिस्कवर नाव नाही, तेव्हा आत काय आहे ते सांगा, मी लावून बघते, जुळलं तर घेऊन जा. आणि तुमच्याकडे राहिलेली आमची डिस्क आणलीय ना? धोंडूबाईने पिशवीतून पिक्चर काढून दिला. मग म्हणाली, लगीन हाय. माझ्या मुलाचं. मी गाते त्यात.

कपाटातून रीमाने डिस्क काढली. धोंडूबाईला ती ओळखूच येईना. ओरखडा नाही, डाग नाही, नव्या ताटासारखी चकचकीत. ती घाबरली, ही माझी न्हवं म्हणाली. रीमा हसली. इथे जी येईल ती डिस्क आधी मशीनवर घासायची, धुवायची, मग लावून बघायची, असा कारखान्याचा शिरस्ताच होता. कोणाची, कुठली, हे नंतर. तिने सवयीने हिलाही घासून काढलं होतं.

छोट्या पडद्यावर मांडव आला. गावदेवी. वेशीवरचा. बांधावरचा. धोंडूबाई ओठातल्या ओठात म्हणत गेली आणि पदराचं टोक बोटाला पीळ देत गेली. नऊ. दहा. अकरा. ठकुबाईने मान वर केली, तोंड उघडलं. चौकोन झाले नाहीत. बारावं नाव आलं, पाणीदार आवाजात, ठकुबाईच्या. धोंडूबाईच्या डोळ्यांना धार लागली. आता तेरावं. तेरावं तिचं स्वतःचं होतं. पडद्यावरच्या पंचेचाळीस वर्षांच्या धोंडूबाईने श्वास घेतला, तोंड उघडलं.

आणि काहीच आलं नाही.

अगदी टेमघरसारखं. तोंड उघडं, डोळे मोठे. मांडव गप्प. बाशिंग बांधलेल्या मनिषाने खाली घातलेली मान उचलून सासूकडे बघितलं. बेंजोवाला थांबला. ठकुबाईने शेजारणीच्या बरगडीत कोपर मारलं आणि दात दाखवून हसली. मग त्याच चालीवर, जसं काही तेच पुढचं होतं, तिने लावलं:

"जे ऱ्हायले ते मागून येतील,
त्यांचं पान वाढून ठेवा."

मांडवातल्या सगळ्या बायकांनी ते उचललं. दोनदा म्हणाल्या. पडद्यावरची धोंडूबाईही हसत हसत म्हणत होती. आणि मग पंगत, पंगतीच्या टोकाला एक पान, त्यावर कोणी नाही.

रीमाने विचारलं, आजी, बरं वाटत नाही का, पाणी आणू? धोंडूबाईने मान हलवली. जुनी रीत म्हणे! रोज बघत होती ती ते पान, आणि रीत म्हणत होती; ती तर त्या दिवशी ठकुबाईच्या या ओळीतूनच सुरू झाली होती. तेरापासून पुढची नावं त्या डिस्कवर नव्हतीच. तेवीस वर्षांपूर्वीच सुटली होती ती, आणि तिच्या स्वतःच्याच मुलाच्या लग्नात. ठकुबाई असताना पुढच्या लग्नांत येऊन गेली असतील, आता तर कायमचीच गेली. तिला पुन्हा थोडी भीती वाटली. पण सुटली होती आणि काय झालं होतं? केसरीनाथ पेपर वाचत होता. मनिषा भाकऱ्या थापत होती.

"मना एकदा परत दाव," ती रीमाला म्हणाली. "ती हसते ना, तिथून."

रीमाने तीनदा दाखवलं. मग डिस्क निळ्या पाकिटात घालून दिली. धोंडूबाईने पिशवीतली एक पत्रिका तिच्या हातात ठेवली आणि पूर्वाला घेऊन ये म्हणाली, नक्की घेऊन ये. ठकुबाईच्या घरी आवतन देऊन ती परत निघाली. माणकोलीला या वेळी डोळे उघडे ठेवले, पण दांडी धरलीच होती.

घरी आली तेव्हा मनिषा पडवीत तांदूळ निवडत बसली होती. धोंडूबाई तिच्याजवळ टेकली आणि कोणी विचारायच्या आत सगळं बोलून गेली. पिक्चर बघत नव्हते ते, गादीखालचं, घंटी वाजली ते, टेमघर. टेमघरचं सांगताना तिचा आवाज फुटला. "मी बाराव्यापासून पुढची नावं गाळली, मनिषा, आनि तिचा नवरा गेला," ती म्हणाली. एवढे दिवस पोटात ठेवलेलं हे पहिल्यांदाच तोंडातून बाहेर आलं.

मनिषाचे हात थांबले. मग तिने सूप बाजूला ठेवलं.

"माझ्या लग्नात तू इसरली होतीस, ते मला ठाव हाय की," ती म्हणाली. "मी समोरच बसलेले. सकाळपासून नुसती थरथरत होते, परकं घर, परकी मानसं. तू इसरलीस, ठकुमावशी हसली, नि तू पण हसलीस. तवा वाटलं, या घरात चुकलं तरी चालतं."

तेवीस वर्षं ही सून धोंडूबाईच्या हाताखाली वावरली, आणि हे कधी बोलली नव्हती. कशाला बोलेल, कोणी विचारलं होतं? मनिषाने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. कंटेनरवाला दारू पिऊन होता, ती म्हणाली, त्याला सजा झालीय, तू कशाला त्याचं पाप डोक्यावर घेतेस.

दुपारी भाविकचा फोन आला. निळी की पिवळी, आता शेवटचं सांग, मी अर्ज टाकतोय. धोंडूबाईने मनिषाकडून फोन घेतला आणि निळी म्हणाली. तिकडून भाविकने कारण विचारलं. ती म्हणाली, त्या लोकांचं काम चोख हाय, धुवून पुसून देतात. आजीला पिक्चरची खरी पारख आहे, असं भाविकने त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.

उन्नतीच्या हळदीला मांडव गच्च भरला होता. धोंडूबाई पाटावर बसली. शेजारी तिने दुसरा पाट मांडायला लावला होता, रिकामा. भीती गेली होती असं समजू नका. बसता बसता तिने दोनदा मागे वळून मनिषा आहे ना ते बघितलं. तिसऱ्या रांगेत रीमा होती आणि रीमाच्या शेजारी पूर्वा, साधी साडी नेसलेली, कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. गावदेवी झाली, वेशीवरचा झाला, बांधावरचा, खाडीतला. अकरावं झालं. बारावं तिने ठकुबाईसारखीच मान वर करून म्हटलं. तेराव्याला ती थांबली.

मांडव गप्प झाला. उन्नतीने मान उचलून आजीकडे बघितलं. धोंडूबाईने रिकाम्या पाटाकडे बघितलं आणि हसली. तिने ठकुबाईची ओळ लावली, आणि तिच्या पहिल्याच शब्दाला मागून मनिषाचा आवाज येऊन मिळाला.

पंगत बसली तेव्हा टोकाचं पान धोंडूबाईने स्वतः वाढलं. भात, वरण, वर तूप. मग ती तिसऱ्या रांगेतल्या पूर्वाकडे गेली, तिचा हात धरून तिला उठवलं आणि त्या पानावर बसवलं.